खुलासा कोण करतं?

गेल्या वर्षी जूनमध्ये एका रात्री २ वाजून ४० मिनिटांनी मी टीमच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. तीन दिवस काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले जात होते आणि का ते कुणालाच कळत नव्हतं. ऑनकॉल मी होते. लॉग वाचता वाचता लक्षात आलं की आमची सिस्टिम समोरच्या सिस्टिमच्या उत्तरासाठी ३० सेकंद थांबते आणि उत्तर आलं नाही की तीच विनंती पुन्हा पाठवते. समोरच्या सिस्टिमला रात्रीच्या लोडमध्ये उत्तर द्यायला ३१-३२ सेकंद लागत होते. म्हणजे पहिली विनंतीही पूर्ण होत होती आणि दुसरीही. दुसरी ही पहिलीचीच नक्कल आहे हे ओळखण्यासाठी आम्ही कसली खूणच पाठवत नव्हतो. मी हे सगळं लिहिलं, पुराव्यादाखल लॉगच्या चार ओळी जोडल्या आणि झोपले.

सकाळी ११ वाजता आरसीए होती. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी: आरसीए म्हणजे रूट कॉज अ‍ॅनालिसिस. काय बिघडलं, कशामुळे बिघडलं आणि ते कसं सापडलं, हे सगळ्यांसमोर सांगायची मीटिंग. लीडने स्क्रीन शेअर केली. स्लाइडवर माझ्याच चार ओळी होत्या. त्याने समजावलं छान, माझ्यापेक्षा नक्कीच छान. ‘मग आपल्या लक्षात आलं की...’ असं तो तीनदा म्हणाला. शेवटी रात्रभर सपोर्ट दिल्याबद्दल त्याने माझे आभारही मानले. तो एकही वाक्य खोटं बोलला नाही. त्या ‘आपल्या’मध्ये मीही होतेच की. मी म्यूटवर होते, तशीच राहिले.

त्या रात्री मी माझा नेहमीचा उपाय केला. बीबीसीचं ‘शेरलॉक’ लावलं, त्यातला दुसऱ्या सीझनचा पहिला भाग, ‘अ स्कँडल इन बेल्ग्रेव्हिया’. हॉस्टेलमध्ये हा भाग आमच्या मजल्यावर एका हार्ड डिस्कवरून दुसरीवर फिरायचा. कुणाकुणाच्या लॅपटॉपवर कंबरबॅच असायचा, माझ्या लॅपटॉपवर दोन वर्षं आयरीन अ‍ॅडलर होती. लारा पल्वरने रंगवलेली, लाल लिपस्टिकवाली, सगळ्या इंग्लंडला नाचवणारी आयरीन. मला मोठेपणी तीच व्हायचं होतं. निदान मीटिंगमध्ये तरी.

आणि या वेळी पहिल्यांदाच मला तो भाग शेवटपर्यंत बघवला नाही. शेरलॉक तिच्यासमोर उभा राहून तिला तिचाच पासवर्ड समजावून सांगतो, तिथे मी लॅपटॉप बंद केला. आदल्याच दिवशी मी हे कुठेतरी पाहिलं होतं.

(पुढे आयरीनच्या सगळ्या गोष्टींचे शेवट फोडले आहेत. मूळ गोष्ट १८९१ची आहे, तेव्हा तिला स्पॉइलर कसला म्हणायचा! अगाथा ख्रिस्तीच्या एका कादंबरीचा उल्लेख येईल, तिचा खुनी मात्र मी सांगणार नाही.)

पत्र

मूळ गोष्ट मी शाळेत असताना वाचली होती. आजोबांच्या कपाटात भालबा केळकरांनी मराठीत आणलेला होम्स होता. तेव्हा मला ‘ठिपकेदार पट्ट्या’चा साप जास्त आवडला होता. आयरीनच्या गोष्टीत खून नाही, रक्त नाही. एक फोटो आहे, आणि तोही शेवटपर्यंत सापडत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलीला ही कसली डिटेक्टिव्ह गोष्ट वाटणार?

लॅपटॉप बंद केल्यानंतरच्या शनिवारी मी ती इंग्रजीत वाचली. ‘अ स्कँडल इन बोहेमिया’, ‘स्ट्रँड’ मासिक, जुलै १८९१. होम्सची ही पहिली लघुकथा. त्याआधी त्याच्या दोन कादंबऱ्या येऊन गेल्या होत्या, पण त्याची खरी हवा सुरू झाली ती ‘स्ट्रँड’मधल्या या कथांपासून. म्हणजे ज्या कथेपासून जगातला सर्वात हुशार डिटेक्टिव्ह घराघरात पोचला, तीच कथा त्याच्या हरण्याची आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. बोहेमियाच्या राजाचं लग्न ठरलंय. काही वर्षांपूर्वी त्याचं आयरीन अ‍ॅडलर नावाच्या ऑपेरा गायिकेशी प्रकरण होतं आणि तिच्याकडे दोघांचा एकत्र फोटो आहे. तो परत मिळवायला राजाने दोनदा तिच्या घरी चोर घातलेत, एकदा प्रवासात तिचं सामान पळवलंय, दोनदा तिला वाटेत गाठून झडती घेतलीय. काही मिळालेलं नाही, म्हणून तो होम्सकडे येतो. होम्स आधी मोतद्दाराच्या वेषात तिच्या घराची टेहळणी करतो, मग पाद्र्याच्या वेषात जखमी झाल्याचं नाटक करून घरात शिरतो आणि वॉटसनला खिडकीतून धुराचं नळकांडं टाकायला लावतो. ‘आग! आग!’ असा ओरडा होतो. बाई घाबरली की तिची सगळ्यात मौल्यवान वस्तू असेल तिकडे धावते, असा त्याचा सिद्धान्त. आयरीन धावते. फोटो कुठे आहे ते होम्सला दिसतं. काम फत्ते. सकाळी राजाला घेऊन येऊ आणि फोटो काढून नेऊ, असं ठरवून तो घरी परततो. दारात किल्ली काढत असताना ओव्हरकोटातला कुणी सडपातळ तरुण त्याला नावाने शुभरात्री म्हणून निघून जातो.

सकाळी घर रिकामं असतं. भिंतीतल्या सरकत्या फळीमागे होम्सच्या नावाचं पत्र असतं, आणि शेजारी तिचा एकटीचा फोटो.

हे पत्र मी त्या दिवशी तीनदा वाचलं. कारण पत्र कसलं, ती आरसीएच आहे! आयरीन त्यात क्रमाने सगळं सांगते. आग लागल्याची आरोळी होईपर्यंत तिला कसलाच संशय आला नव्हता. नंतर आपण स्वतःच जागा दाखवून बसलो हे तिला कळलं, तेव्हा तिने विचार करायला सुरुवात केली. राजा कुणाला नेमेल तर होम्सलाच, हे तिला काही महिन्यांपूर्वी कुणीतरी सांगून ठेवलं होतं. पाद्र्यावर लक्ष ठेवायला तिने गाडीवानाला खाली पाठवलं, वर जाऊन पुरुषाचे कपडे चढवले, होम्सचा त्याच्या दारापर्यंत पाठलाग केला आणि खातरी करून घेतली. शुभरात्री म्हणणारा तरुण तीच होती. आता ती आणि तिचा नवरा इंग्लंड सोडून जात आहेत. फोटो ती परत देणार नाही आणि वापरणारही नाही, राजाने पुन्हा काही केलं तर संरक्षण म्हणून जवळ ठेवेल.

आपण कुठे चुकलो, ते केव्हा कळलं, मग काय तपासलं, निष्कर्ष काय, पुढे काय करणार. स्वतःची चूक लपवलेली नाही आणि दुसऱ्याची उगाळलेली नाही. मी आजवर वाचलेल्या बहुतेक आरसीएंपेक्षा ही बरी आहे.

आता डिटेक्टिव्ह कथेचा एक साधा नियम आठवा. शेवटी सगळ्यांना बसवून ‘त्याचं असं झालं’ म्हणून जो खुलासा करतो, तो डिटेक्टिव्ह. बाकीच्यांनी कितीही धावपळ केलेली असो. या हिशेबाने ‘स्कँडल इन बोहेमिया’चा डिटेक्टिव्ह होम्स नाहीच. तो वेषांतर करतो, बनाव रचतो, पळ काढतो. ही गुन्हेगाराची कामं आहेत. हुकूमही तो अशा माणसाचा पाळतोय ज्याने एका बाईच्या घरी चोर पाठवले. आयरीनने होम्सला किती मायेने उचलून आत आणवलं हे पाहून वॉटसनला तिच्याविरुद्धच्या कटाची लाजही वाटते. वेषांतर ओळखते ती आयरीन, पाठलाग करते ती आयरीन, आणि खुलासाही तीच करते.

बाकीच्या गोष्टीत तिला जवळजवळ काही बोलायला दिलेलं नाही. राजाकडून, घोडेवाल्यांकडून, होम्सकडून, वॉटसनकडून आपण तिच्याबद्दल ऐकत राहतो. पहिल्याच परिच्छेदात वॉटसन तिचा उल्लेख ‘दिवंगत’ असा करतो. तिचा स्वतःचा आवाज नीट ऐकू येतो तो फक्त या पत्रात. हे काढलं की आयरीन अ‍ॅडलर म्हणजे एक सुंदर बाई आणि एक फोटो, एवढंच उरतं.

पत्र गेलं कुठे?

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. जुन्या डिटेक्टिव्ह कथेवरचं नवं काहीही बघताना मी शेवटची १५ मिनिटं आधी बघते आणि एकच गोष्ट तपासते: यातल्या बाईने जे केलं, त्याचा खुलासा कोण करतंय? ती किती मारामारी करते, तिला किती भाषा येतात, तिचे डायलॉग किती टाळ्याखाऊ आहेत, हे सगळं नंतर.

१९८४ साली ग्रॅनडा टेलिव्हिजनने जेरेमी ब्रेटला घेऊन केलेली मालिका याच कथेने सुरू होते. गेल हनीकट त्यात आयरीन आहे. मालिका जुन्या वळणाची, संथ, आयरीनला पडद्यावर वेळही बेताचाच. पण पत्र जागेवर आहे.

२००९चा गाय रिचीचा सिनेमा घ्या. रेचल मॅकअ‍ॅडम्सची आयरीन चोर आहे, चलाख आहे, होम्सला गुंगीचं औषध देऊन पलंगाला बांधून निघून जाते. मूळ कथेपेक्षा शंभरपट कर्तबगार! पण ती काम करते मोरिआर्टीसाठी, त्याच्या धाकाखाली. सिनेमाच्या शेवटी लंडनच्या अर्धवट बांधलेल्या टॉवर ब्रिजवर सगळा उलगडा होम्स करतो. २०११च्या दुसऱ्या भागात तर मोरिआर्टी तिला सुरुवातीलाच विष देऊन मारून टाकतो, कारण होम्सला चिडायला काहीतरी कारण हवं असतं.

आता माझी लाडकी, २०१२ची. ‘बेल्ग्रेव्हिया’ची पटकथा स्टीव्हन मॉफॅटची, आणि पहिला तासभर ती अफाट आहे. शेरलॉक पाद्री बनून येतो, तेव्हा आयरीन त्याच्यासमोर अंगावर एकही कपडा न घालता येते. तो माणसाचे कपडे वाचून माणूस ओळखणारा, म्हणून ही वाचायला काहीच ठेवत नाही. पडद्यावर त्याच्या निष्कर्षांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. वेषांतराला याहून चोख उत्तर मी पाहिलेलं नाही. पुढे ती शेरलॉककडूनच एक सरकारी गुपित उलगडून घेते, मायक्रॉफ्टला गुडघ्यावर आणते, मागण्यांची यादी त्याच्या हातात ठेवते. इथे ती जिंकलेली आहे. इथे थांबलं असतं तर १८९१ची गोष्ट २०१२मध्ये पोचली असती.

पण थांबत नाहीत. ही सगळी खेळी तिला मोरिआर्टीने शिकवली होती हे ती सांगून टाकते. म्हणजे पुन्हा एकदा तिची अक्कल दुसऱ्याकडून उसनी आणलेली. मग शेरलॉक उठतो. मी तुझी नाडी बघितली होती, तुझ्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, तू माझ्या प्रेमात पडलीस, आणि म्हणून तुझ्या फोनचा पासवर्ड माझ्या नावातली चार अक्षरं आहेत, असं तिला सांगतो. तिला स्त्रिया आवडतात हे याच भागात तिने जॉनला स्वतःहून सांगितलेलं असतं, तरी तिला हरवतं ते एका पुरुषावरचं प्रेम. ती गयावया करते. शेवटी कराचीत तिचं मुंडकं उडवायची तयारी झालेली असते आणि शेरलॉक जल्लादाच्या वेषात येऊन तिला वाचवतो. वेषांतरही परत त्याच्याकडे गेलं.

पत्र बघा कसं उलटं झालं. मूळ कथेत ती त्याला सांगते: तू काय केलंस, ते मला कसं कळलं. इथे तो तिला सांगतो: तुला काय वाटतं, ते मला कसं कळलं. तिच्या मनातलंसुद्धा तिला दुसऱ्याकडून ऐकावं लागतं.

हाच प्रकार त्यांनी २०१६च्या ‘द अ‍ॅबॉमिनेबल ब्राइड’मध्ये आणखी पुढे नेला. या खास भागात व्हिक्टोरियन काळातल्या बायकांची एक गुप्त संघटना आहे. छळणाऱ्या पुरुषांना त्या ‘भुताच्या’ हातून मारतात. योजना त्यांची, धोका त्यांचा. शेवटी त्या सगळ्या जांभळे बुरखे घालून जमलेल्या असतात, आणि होम्स मध्ये उभा राहून त्यांना समजावून सांगतो की त्यांनी हे का आणि कसं केलं! गंमत म्हणजे याच भागाच्या सुरुवातीला मिसेस हडसन वॉटसनकडे तक्रार करते की तुमच्या गोष्टींत मी फक्त लोकांना वर पाठवते आणि नाश्ता देते, मला बोलायला काही नसतं. म्हणजे लिहिणाऱ्यांना दुखणं नेमकं माहीत होतं. त्यावर त्यांनी होम्सलाच आणखी एक भाषण दिलं.

पण, पण, पण

माझ्या रूममेटला हे सगळं पटलं नाही. तिचं म्हणणं असं: मूळ आयरीनला किती बोलायला दिलंय? एक पत्र. तेही घर सोडून पळून जाताना. लारा पल्वरची आयरीन निदान जितीजागती बाई आहे, चिडते, हसते, तिला हवं ते मागते. तुझ्या त्या पत्रासाठी मी ही सोडून देऊ?

यात तथ्य आहे. १८९१ची कथा काही स्त्रीमुक्तीचा जाहीरनामा नाही. बायका आगीत कुठे धावतात हा होम्सचा सिद्धान्त कथेत खराच ठरतो, आयरीनही धावतेच. तिला जग जिंकायचं नाही. आपल्या वकील नवऱ्याबरोबर शांतपणे राहायचंय आणि एका राजाने आपला पिच्छा सोडावा एवढंच हवंय. पत्राखाली सही करताना तिने नवं आडनाव लिहिलंय, नॉर्टन, आणि माहेरचं अ‍ॅडलर मागे. पुढे तिला त्या नावाने कुणी हाक मारली नाही, मीही या लेखात मारलेली नाही. आधुनिक आवृत्त्यांमधून तर तो नवराच जवळजवळ नाहीसा झाला, कारण त्याच्या जागी होम्सला बसवायचं असतं. वॉटसनने पहिल्याच परिच्छेदात होम्सचं तिच्यावर प्रेम वगैरे नव्हतं असं बजावून ठेवलंय, पण ऐकतो कोण?

शिवाय माझी कसोटी यांत्रिक आहे, हेही मान्य. अमेरिकेतली ‘एलिमेंटरी’ ही मालिका त्या कसोटीवर मला फार पेचात टाकते. २०१२ ते २०१९, सात सीझन. लूसी लू त्यात जोन वॉटसन आहे, पूर्वीची सर्जन. तिच्या शेरलॉकबरोबर ती हळूहळू स्वतः डिटेक्टिव्ह बनते. पहिल्या सीझनच्या शेवटी, २०१३मध्ये, कळतं की मेलेली समजलेली आयरीन जिवंत आहे आणि तीच मोरिआर्टी आहे. यापेक्षा मोठी बढती आयरीनला कुणी दिली नसेल. या वेळी ती कुणाची नोकर नाही. पण हिलाही पकडतात ते तिच्या शेरलॉकवरच्या प्रेमामुळेच! पुन्हा तीच नाडी, तेच डोळे.

फरक एवढाच की ती कमजोरी ओळखते जोन. आयरीन जिला शेरलॉकचं पाळीव शोभेचं प्राणी समजत होती, ती. हॉस्पिटलमधल्या प्रसंगात खुलासा शेरलॉकच करतो, पण तो करताना स्पष्ट सांगतो की तुझं कोडं सोडवलं ते वॉटसनने. ‘आपल्या लक्षात आलं’ असं म्हणत नाही. नाव घेतो.

या एका नावाने किती फरक पडतो ते मला आता माहीत आहे. म्हणून कसोटी थोडी बदलते: खुलासा तिने केला तर उत्तम. दुसऱ्याने केला तर त्यात तिचं नाव येतं का?

एमिलीची केस

अगाथा ख्रिस्तीला हे सगळं कुणी सांगायची गरज नव्हती. खोलीत सगळ्यांना बसवून खुलासा करण्याचा मान तिने एका विणकाम करणाऱ्या म्हाताऱ्या बाईला, मिस मार्पलला, दिला. पण मला तिची दुसरी एक मुलगी जास्त जवळची वाटते. १९३१ची ‘द सिटाफोर्ड मिस्टरी’. बर्फाने वेढलेलं डार्टमूरमधलं गाव, प्लँचेटवर खुनाची वार्ता, आणि खरोखरच खून. संशयावरून एका तरुणाला अटक होते. त्याची वाग्दत्त वधू एमिली ट्रेफ्युसिस गावात येते, एका पत्रकाराला हाताशी धरते आणि केस सोडवते. कादंबरीच्या शेवटून दुसऱ्या प्रकरणाचं नावच मराठीत सांगायचं तर ‘एमिली खुलासा करते’ असं आहे. मी ते वाचून मोठ्याने हसले होते.

२००६मध्ये ब्रिटनच्या आयटीव्हीने ‘मार्पल’ मालिकेत ही कादंबरी घेतली. मूळ कथेत मिस मार्पल कुठेही नाही, तरी तिला आणून बसवलं. खुनीसुद्धा बदलला. झालं काय, तर एमिलीची केस मिस मार्पलची झाली. इथे कुणा पुरुषाने काही हिसकावलेलं नाही. एका बाईचं दुसऱ्या बाईकडे गेलं, तेही मालिकेला ओळखीचं नाव हवं म्हणून. हे मला जास्त टोचलं, का ते शेवटी सांगते.

एमिलीला न्याय मिळाला तो आपल्याकडे. २०२३मध्ये विशाल भारद्वाजने याच कादंबरीवर ‘चार्ली चोप्रा अँड द मिस्टरी ऑफ सोलंग व्हॅली’ ही मालिका केली. डार्टमूरचं मनालीजवळचं सोलंग झालं, एमिलीची चार्ली झाली. वामिका गब्बीची चार्ली मध्येच कॅमेऱ्याकडे वळून थेट आपल्याशी बोलते. काही जागी मालिका सैल पडते, पात्रांची गर्दी आहे. तरीही केस चार्लीची आहे, आणि प्रेक्षकाला विश्वासात घ्यायचा हक्कही तिचाच. तिच्यावर कुणी वॉटसन नेमलेला नाही.

हीच युक्ती २०२०च्या ‘एनोला होम्स’मध्ये आहे. नॅन्सी स्प्रिंगरच्या पुस्तकांवरच्या या सिनेमात शेरलॉकची धाकटी बहीण आपली गोष्ट आपणच, आपल्याकडे बघत सांगते, आणि केस भावाच्या आधी सोडवते. या सिनेमावरून जून २०२०मध्ये अमेरिकेत एक खटला झाला होता. कॉनन डॉयलच्या वारसांचं म्हणणं असं की होम्स भावनाशील झाला आणि स्त्रियांचा आदर करू लागला तो १९२३ ते १९२७च्या शेवटच्या कथांत. त्या कथांचे हक्क अजून आमच्याकडे आहेत, सिनेमातला शेरलॉक तसा वागतो, म्हणजे तुम्ही आमचं चोरलं! वर्षाअखेरीस तो खटला उभयपक्षी संमतीने मिटला. पण मला हसू आलं ते वेगळ्या कारणासाठी. होम्स पूर्वी बायकांच्या हुशारीची टिंगल करायचा, हल्ली करत नाही, हे वॉटसनने १८९१च्या त्या पहिल्याच कथेच्या शेवटी लिहून ठेवलंय. कारण आयरीनचं पत्र.

माझी स्लाइड

आता ते टोचण्याबद्दल. दोन महिन्यांपूर्वी आमच्या टीममध्ये नुकतीच कॉलेजातून आलेली एक मुलगी रुजू झाली. रोजच्या विक्रीच्या रिपोर्टमधले आकडे कधीच जुळत नव्हते, आणि सगळ्यांनी ते ‘असंच असतं’ म्हणून सोडून दिलं होतं. तिने सोडलं नाही. सर्व्हरचं घड्याळ आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे, त्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या सगळ्या ऑर्डर्स आदल्या दिवसात मोजल्या जात होत्या. एवढंच. तिने मला चॅटवर लिहून पाठवलं, खाली ‘बरोबर आहे का, ताई?’

आरसीए माझ्याकडे होती. मी स्लाइड केली. तिच्या ओळी चिकटवल्या. वर मथळा टाइप केला, ‘आपल्या लक्षात काय आलं’, आणि पुढच्या स्लाइडकडे गेले. वाईट हेतू नव्हता. ती नवीन आहे, घाबरेल, मी नीट सांगेन, असंच काहीसं डोक्यात होतं. माझ्या लीडच्या डोक्यातही त्या सकाळी हेच असेल. त्याच्याशी मी या विषयावर अजून बोललेले नाही.

मीटिंग सुरू झाल्यावर ती स्लाइड आली. मी मथळा वाचला आणि गप्प झाले. मग तिचं नाव घेतलं, हे हिने शोधलंय असं सांगितलं, स्क्रीन शेअर बंद केली आणि म्हटलं, पुढचं तू सांग.

ती चार-पाच सेकंद म्यूटवरच होती. मग बोलली तेव्हा फार भरभर बोलली, साडेपाच तासांचा मुद्दा सांगायचाच विसरली, मागे जाऊन सांगितला. मला तीनदा मध्ये बोलावंसं वाटलं. कुणीतरी विचारलं, बाकीच्या रिपोर्टमध्येही हेच असेल का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्याकडे होतं. तिने अजून दोन रिपोर्ट आधीच तपासले होते.